तोफेला बोलतं करताना

४ फेब्रुवारी

धाकट्या,

माझा नंबर तू बंद करून ठेवलायस, म्हणून आता पोस्टाचं तिकीट लावून बोलते. माझं अक्षर ओळखून तू पाकीट न उघडताच फाडशील अशी भीती होती. म्हणून पत्ता दवाखान्यातल्या कारकुनाकडून लिहून घेतला. सरकारी अक्षर दिसलं की माणूस मुकाट्याने पाकीट उघडतो.

तुझा निरोप मिळाला. तुझ्या बायकोने फोनवर तो जसाच्या तसा सांगितला, आणि सांगताना बिचारीचा आवाज इतका खाली गेला की मला दोनदा विचारावं लागलं. बाबांना ज्याने मारलं त्याला बोलायला शिकवणारी बहीण तुला नको. मी तुझ्या घरात पाऊल टाकायचं नाही, आईला भेटायलाही नाही. असंच ना? एखादा शब्द इकडचा तिकडे झाला असेल तर कळव.

आता माझं उत्तर ऐक. हो, मी तोफेला शिकवते. सोमवारी आणि शुक्रवारी ते दवाखान्यात माझ्या चौदा नंबरच्या खोलीत येतात, आणि गुरुवारी चार वाजता मी त्यांच्या घरी जाते. भाषणांमुळे ज्यांना अख्खं शहर तोफ म्हणतं, ज्यांच्या सभेला तुमच्या पक्षाची माणसंसुद्धा मागच्या रांगेत टोपी खाली ओढून बसायची, त्या माणसाच्या मेंदूत डिसेंबरात रक्ताची गुठळी अडकली. उजवा हात गेला, उजवा पाय निम्मा गेला आणि वाचा गेली. ऐकलेलं सगळं कळतं, मनात शब्द असतात, ओठांवर येत नाहीत. ही बातमी आली त्या दिवशी तुमच्या कार्यालयात टाळ्या वाजल्या असं कानावर आलं. तू वाजवल्यास का, ते मी विचारत नाही.

मी पक्ष बदललेला नाही, हेही ऐकून घे. जुना बाजार शहराबाहेर हलवावा आणि रस्ता मोठा करावा असं बाबांच्या समितीने लिहून दिलं. मला ते तेव्हाही पटलं होतं, आजही पटतं. तोफ भर सभेत म्हणाले, "मास्तरांची सही विकाऊ आहे." ते वाक्य मलाही तुझ्याइतकंच पाठ आहे. त्यानंतर बाबांनी संध्याकाळचं फिरणं सोडलं, मग दारात उभं राहणं सोडलं. शेवटचा महिना अंथरुणावर काढला आणि सातव्या महिन्यात गेले. हे मी विसरले असं तुला वाटत असेल, तर तू मला ओळखतच नाहीस.

पण या शहरात वाचा गेलेल्या माणसाला बोलतं करणारी मी एकटीच आहे. दुसरी बाई बसने तीन तासांवर. डॉक्टरांचा कागद माझ्या टेबलावर आला, मी त्यावरचं नाव वाचलं, कागद उलटा ठेवला, चहा पिऊन आले आणि मग सुलटा केला. इतकंच झालं. तेवढ्यासाठी तू बहीण टाकलीस.

टाकायची तर टाक. मी पत्रं टाकत राहीन.

ताई

२० फेब्रुवारी

धाकट्या,

परवा सकाळी कामावर आले तर माझ्या दारावरच्या पाटीला काळं फासलेलं. डांबर होतं, अजून ओलं. पहारेकरी म्हणाला, मोटारसायकलवरून दोघं आले होते, तोंडाला रुमाल होते. मी तुझं नाव घेत नाही. घेतलं तर तू म्हणशील मी नव्हतो, आणि मला ते मानावं लागेल.

कारकून विचारायला आला, नवी पाटी मागवू का. मी म्हटलं, राहू दे. माझं नाव झाकलं गेलं, पण खोली सापडायला सोपी झाली. आता बाहेरचा शिपाई नव्या पेशंटला सांगतो, सरळ जा, डाव्या हाताला काळ्या पाटीच्या बाई. ज्यांनी कोणी हे केलं त्यांना माझे आभार कळव.

आता तुला तोफेची एक गोष्ट सांगते. हसू आलं तर हस, मीही हसले होते.

वाचा जाते तेव्हा कधी कधी एखादंच वाक्य मागे राहतं. पूर ओसरल्यावर घरात एखादी खुर्ची उरावी तसं. कोणाची शिवी उरते, कोणाचं बायकोचं नाव. माझ्याकडे एक शाळेतल्या बाई यायच्या, त्यांचं 'गप्प बसा' तेवढं उरलं होतं. तोफेचं काय उरलं असेल? प्रत्येक सभेच्या शेवटी मूठ आवळून म्हणायचे ते. 'धडा शिकवू.'

तहान लागली की म्हणतात, धडा शिकवू. शर्टाचं बटण निघालं की खाली बोट दाखवून, धडा शिकवू. संडासला जायचं असलं की घाईघाईने तीनदा. एका गुरुवारी त्यांची बायको, तिला मी काकू म्हणते, औषधाची गोळी सांडली म्हणून तिथेच फरशीवर बसून रडायला लागली. तोफेने डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला, केसांवरून फिरवला, आणि होता नव्हता तेवढा मऊ आवाज काढून म्हणाले, "धडा शिकवू. धडा शिकवू."

तेव्हा माझं हसू गेलं.

कारण आपण भलतंच बोलतोय हे त्यांना कळतं. तोंडातून ते वाक्य निघालं की ते डोळे मिटून घेतात. आयुष्यभर ज्या वाक्याने दुसऱ्यांना घाबरवलं, त्याच वाक्याने आता त्यांना कोंडून ठेवलंय. तुमच्या कार्यालयात याला शिक्षा म्हणतील. म्हणोत. मी शिक्षा देणाऱ्या खात्यात नोकरीला नाही.

मी आधी ते वाक्य अडवायला शिकवलं. बोलावंसं वाटलं की डावी मूठ छातीवर ठेवायची, ओठ मिटायचे, श्वास घ्यायचा, आणि मग टेबलावर बोटाने ताल धरत एकेक अक्षर सोडायचं. गुणगुणल्यासारखं. बोलणं जिथून तुटतं तिथून गाणं तुटत नाही, म्हणून आम्ही शब्दाला थोडं गाण्याच्या पोटात घालतो. अठरा दिवस घामाघूम झाले ते. मध्ये दोनदा त्यांनी माझी चित्रांची कार्डं जमिनीवर भिरकावली. मी म्हटलं, उचला, आणि डाव्या हाताने एकेक उचलायला लावली.

गेल्या गुरुवारी त्यांनी टेबलावर दोन टिचक्या मारल्या आणि म्हणाले, "पा. णी."

काकूंनी धावत जाऊन पेला भरून आणला आणि द्यायचंच विसरल्या. पेला हातात धरून तशाच उभ्या.

मला आनंद झाला. लिहून देते, खाली सही करते.

ताई

११ मार्च

धाकट्या,

आई माझ्याकडे येऊन गेली. डोळे तपासायला जाते असं तिने तुला सांगितलं होतं, ते खोटं. एकटी बसने आली, गुडघे धरत धरत. 'हे त्याला सांगू नकोस,' असं म्हणाली. मी तिला तोंडावर म्हटलं, सांगणार, कारण या घरात लपवाछपवी पुष्कळ झाली. आता तिला ओरडलास तर माझ्याशी गाठ आहे.

ती आली तेव्हा मी आत एका पेशंटबरोबर होते. बाहेरच्या बाकावर तोफ आणि काकू बसलेले. दार अर्धं उघडं होतं, म्हणून मला सगळं दिसलं आणि ऐकू आलं.

काकूंनी आईला ओळखलं आणि चटकन उठून उभ्या राहिल्या. आई म्हणाली, "बसा. बाक सरकारी आहे."

तोफ भिंतीकडे बघत होते. काकूंनी पिशवीतून थर्मास काढला, कपात चहा ओतला आणि त्यांना पाजायला लागल्या. त्यांना ठसका लागला, चहा शर्टावर आला. दुसऱ्या घोटालाही तेच. आई बघत होती. शेवटी तिच्याने राहवलं नाही. ती म्हणाली, "मान मागे टेकवू नका त्यांची. हनुवटी खाली घ्यायला सांगा, छातीकडे. मास्तरांना मी शेवटी असंच पाजायची."

काकूंनी तसं केलं. घोट नीट गेला. मग आईकडे वळताना त्यांच्या हातातला कप कलंडला. त्या म्हणाल्या, "आमच्यामुळे तुमच्यावर..."

आईने पुढचं बोलू दिलं नाही. म्हणाली, "ते मी विसरलेली नाही, विसरणारही नाही. पण ठसक्याने जीव जातो. कप नीट धरा."

आणि उरलेला चहा तिने स्वतः पाजला, धाकट्या. अर्धा कप. आपल्या आईने. माझा पेशंट मला हातवारे करून विचारत होता, बाई, थांबलात का.

बसस्टॉपवर मी तिला धरून नेत होते तेव्हा तिने विचारलं, पहिल्या दिवशी तो माणूस समोर बसला तेव्हा तुला काय वाटलं गं? मी म्हटलं, काही नाही, काम आहे ते. खोटं बोलले. तुलाही पहिल्या पत्रात खोटंच लिहिलं. 'इतकंच झालं' असं लिहिलं होतं ना? तितकंच नव्हतं.

झालं ते असं. मी त्यांच्यापुढे पेल्याचं चित्र ठेवलं आणि विचारलं, हे काय आहे. आमचा नियम असा की दहा सेकंद थांबायचं आणि मग पहिलं अक्षर आपण पुरवायचं. मी पुरवलं नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले. एक मिनिट झालं, दीड झालं. ते तोंड उघडत होते, मिटत होते. कपाळावर घाम आला. लाळ हनुवटीवरून शर्टावर आली. टिपायचे कागद माझ्या खणात होते. मी खण उघडला नाही. मनात म्हटलं, बाबांची सही विकाऊ म्हणालात ना, आता म्हणा 'पेला'. आणि मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी कोणाची मुलगी ते त्यांना दारातच कळलेलं होतं. मी काय करतेय तेही कळलं. ते उठून जाऊ शकले असते, काठी होती. गेले नाहीत. शुक्रवारी वेळेवर परत आले.

म्हणून मला दयाळू-बियाळू समजू नकोस. त्या खोलीत त्या दिवशी जी बाई खुर्चीत बसली होती, ती मला पुन्हा भेटायला नको आहे. मी तिच्याशी लढते. तू तोफेशी लढ, मी हिच्याशी. बघू कोण आधी जिंकतं.

ताई

३ एप्रिल

धाकट्या,

तुमच्या लोकांनी माझ्या दाराला काळं फासलं. आता त्यांच्या लोकांचं ऐक.

त्यांच्या पक्षाचा सेक्रेटरी आहे ना, तो जाड चष्म्याचा, सारखा कपाळावर हात मारणारा, तो चौदा नंबरमध्ये आला. तोफ किती बोलतात, विचारलं. मी कौतुकाने सांगितलं, चाळीस शब्द येतात. पाणी, चहा, दुखतंय, बस, उठ, काकूंचं लाडाचं नाव, नातीचं नाव, काठी, वर्तमानपत्र. दोन शब्द जोडायलाही लागलेत.

त्याने हे सगळं मान हलवून ऐकलं आणि विचारलं, "आणि 'धडा शिकवू'?"

मी म्हटलं, ते आता येत नाही. आम्ही ते काढलं.

त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "ते कशाला काढलंत? आम्हाला तेवढंच हवं होतं."

तीस तारखेला त्यांच्या प्रचाराची शेवटची सभा होती. तोफेला व्यासपीठावर उभं करायचं, माईक तोंडाशी धरायचा, त्यांनी ते एक वाक्य म्हणायचं आणि मैदान पेटवायचं, असा बेत. पाणी मागता आलं नाही तरी चालेल. मी म्हटलं, ते इथे स्वतःचं बोलायला शिकतात. तुमचं वाक्य तुम्ही म्हणा, तुमची जीभ शाबूत आहे. तेव्हा तो उठता उठता म्हणाला, मास्तरांची मुलगी ना तुम्ही, मुद्दामच काढलं असणार. माझी तक्रारही केलीय वर.

म्हणजे बघ, तुमच्याकडे मी फितूर आणि त्यांच्याकडेही फितूर. या शहरात इतकं एकमत बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं.

त्यांनी तोफेला नेलंच. मी सभेला गेले होते, सायकल स्टँडजवळ उभी होते. दोघांनी धरून त्यांना माईकपाशी आणलं. सेक्रेटरी कानाशी लागून "ध... ध..." करत होता, अगदी मी करते तसं. माझीच विद्या. समोरून लोक नेहमीसारखे ओरडले, "यांना..." आणि पुढचं ऐकायला थांबले.

तोफेने डावी मूठ छातीवर ठेवली. ओठ मिटले. मी लांबून त्यांच्याबरोबर श्वास घेतला. ते खूप वेळ तसेच उभे राहिले. लोकांत चुळबुळ सुरू झाली. मग माईकमधून आलं, "नाही." थोडं थांबून, "घरी."

'नाही' हा शब्द मी त्यांना शिकवला नव्हता.

काकू पायऱ्या चढून वर गेल्या आणि त्यांना हाताला धरून खाली घेऊन आल्या. गर्दीने वाट दिली. काहींनी तोंडं वाकडी केली, एकाने शिट्टी मारली. पण वाट दिली.

त्यानंतरच्या पहिल्याच भेटीत मी कार्डं काढली नाहीत. त्यांच्यासमोर बसले आणि विचारलं, "बाबांची सही विकाऊ होती, असं तुम्हाला खरंच वाटत होतं?"

काकू उठून आत गेल्या. तोफ टेबलाकडे बघत राहिले. मी घड्याळाकडे पाहिलं नाही. एकेक शब्द मध्ये इतका वेळ सोडून आला की रस्त्यावरून तेवढ्यात दोन गाड्या निघून गेल्या.

"तेव्हा... वाटलं." मग, "मास्तर... चोर... नाही." आणि मग माझ्याकडे बोट करून, "बाजार... चूक."

मी म्हटलं, बाजार चूक नाही, बाजाराचा निर्णय बरोबरच आहे. तर त्यांनी टेबलावर हात आपटला आणि "चूक" असं म्हणाले, इतकं स्वच्छ की काकू पळत बाहेर आल्या. त्या दिवसापासून भांडण हाच आमचा व्यायाम. पेल्याच्या चित्राने जे दोन महिन्यांत झालं नाही ते बाजाराने पंधरा मिनिटांत केलं.

तू म्हणशील, दात पडल्यावर वाघाने माफी मागितली. त्यांनी माफी मागितलेली नाही. मीही दिलेली नाही. मास्तर चोर नाही, एवढं त्यांनी स्वतःच्या तोंडाने म्हटलं, आणि ते तोंड मी दुरुस्त केलेलं आहे. तुझ्या सगळ्या मोर्चांनी मिळून बाबांना हे वाक्य मिळवून दिलं नव्हतं. हे वाचून तुला राग येणार. येऊ दे.

ताई

१८ एप्रिल

धाकट्या,

निवडणुकीचा निकाल ऐकला. अभिनंदन. माझं मत तुझ्याच पक्षाला होतं, तेव्हा या विजयातला एक दाणा माझाही आहे. बाजार हलणार, रस्ता होणार. बाबा असते तर वर्तमानपत्र घडी घालून उशाला ठेवलं असतं.

पण आज पहारेकऱ्याने तुमच्या मिरवणुकीचा रस्ता सांगितला. गुरुवारी दुपारी निघणार, मोठ्या रस्त्याने जाता जाता तोफेच्या गल्लीत शिरणार आणि त्यांच्या दारासमोर दहा मिनिटं थांबणार. ट्रक, चार भोंगे, फटाके. तिथे सगळ्यांनी मिळून 'धडा शिकवला' म्हणायचं. ही कल्पना तुझी आहे म्हणे. पहारेकरी कौतुकाने सांगत होता.

मला आधी वाटलं नसेल. मग वाटलं, असेल. तू हुशार आहेसच, आणि माणसाला नेमकं कुठे दुखतं ते आपल्या घरात सगळ्यांना कळतं. मला तर पगारच त्याचा मिळतो.

तर ऐक. गुरुवारी चार वाजता माझी तिथे वेळ असते. तुझ्या मिरवणुकीसाठी मी ती बदलणार नाही. काकू म्हणाल्या, खिडक्या लावून मागच्या खोलीत बसू. मी नको म्हटलं. पुढचं दार उघडं असेल आणि मी दारात असेन. तुला जे ओरडायचं ते माझ्या तोंडावर ओरड. तुझ्या मागे दोनशे माणसं असतील, माझ्याबरोबर काठी टेकणारा एक म्हातारा आणि त्याची बायको. मला पुरेत.

आईला हे मी कळवलेलं नाही. तूच सांग, तिच्याकडे बघून.

ताई

२२ एप्रिल

धाकट्या,

तू तिथे होतास, तरी सांगते. ट्रकवरून सगळं दिसत नाही.

भोंगे ऐकू यायला लागले तेव्हा आम्ही टेबलाशी बसलो होतो. तोफेने कार्ड खाली ठेवलं आणि विचारलं, "कोण?"

मी म्हटलं, "माझा भाऊ."

"मास्तरांचा?"

"हो."

त्यांनी काठी घेतली आणि उठायला लागले. काकूंनी दंड धरला, तर हात सोडवून घेतला. मी त्यांच्या उजव्या बाजूला गेले आणि कोपर धरलं. उंबऱ्यापर्यंत सात पावलं आहेत. त्यांना तेवढ्यातही एकदा थांबावं लागलं.

दारात पोचलो तेव्हा तुमचा ट्रक समोर उभा. तुझ्या हातात माईक. तू मला पाहिलंस ते मला कळलं, कारण तू लगेच दुसरीकडे पाहिलंस. मागच्यांनी सुरू केलं, धडा शिकवला, धडा शिकवला. फटाक्याचा धूर आत आला. घाबरलं की माणसाचं जुनं वाक्य आधी बाहेर येतं, हा आमच्या धंद्यातला नियम आहे. आणि समोरून दोनशे माणसं तेच वाक्य त्यांच्या तोंडात कोंबत होती. मला वाटलं, झालं, तीन महिने मातीत गेले.

त्यांनी मूठ छातीवर ठेवली. काठी सोडून दिली, म्हणून सगळा भार माझ्यावर आला. ओठ मिटले.

"या," ते म्हणाले.

तुला ऐकू गेलं नाही. त्यांनी डावा हात उचलला, आपण दारात आलेल्या माणसाला करतो तसा, आणि पुन्हा म्हणाले, "या. बसा."

मग तू ट्रकवरून उतरलास. का उतरलास ते मला अजून माहीत नाही. मला ओढून बाजूला करायला, की त्यांच्या तोंडावर काही बोलायला, ते तुझं तुला ठाऊक. तू दोन हातांवर येऊन उभा राहिलास. जवळून तू फार दमलेला दिसत होतास, धाकट्या. गळा बसलेला, डोळ्यांखाली काळं. तोफ तुझ्याकडे बघत होते आणि तिसऱ्यांदा म्हणाले, "या."

आणि तू म्हणालास, "आत्ता नको. नंतर येतो."

माईक तुझ्या हातातच होता आणि चालू होता. चारही भोंग्यांवरून गेलं ते. अख्ख्या गल्लीने ऐकलं, वरच्या मजल्यांवरच्या बायकांनी ऐकलं, तुमच्या ढोलवाल्यांनी ऐकलं. तुला हे कोणी पढवलेलं नव्हतं. कोणी 'या' म्हटलं की आपण जे म्हणतो तेच तू म्हणालास. ट्रकवर कोणीतरी हसलं, पण ते हसू वाईट नव्हतं. घोषणा देणारे ट्रकवरून वाकून बघायला लागले. तू ड्रायव्हरला हात केलास आणि ट्रक हलला. दहा मिनिटं ठरली होती, तीनसुद्धा झाली नाहीत.

तू गेल्यावर तोफ खुर्चीत बसले. काकूंनी दार लावलं नाही.

कार्यालयात तुला बरंच ऐकावं लागलं म्हणे. विजयाच्या दिवशी नरमला, बहिणीने फितवला, असं काहीबाही. घाबरू नकोस, सवय होते. पाटीला काळं फासलं तर पुसू नकोस एवढंच सांगते, लोकांना घर सापडायला बरं पडतं.

आणि आता त्या 'नंतर येतो'चं बोलू. मी ते सोडणार नाही. भोंग्यावरून दिलेला शब्द आहे, साक्षीला दोनशे माणसं तूच आणली होतीस. तू माझ्या बाजूने ये असं मी म्हणत नाही, मला बाजू नाही. तोफेला माफ कर असंही म्हणत नाही, आईने केलेलं नाही, मी केलेलं नाही. तू फक्त ये आणि समोर बस. बाजार हलवू नये यासाठी त्यांनी चार मुद्दे तयार केलेत. तीन मी खोडून काढले. चौथा, म्हाताऱ्या विक्रेत्यांनी रोज एवढ्या लांब ओझं कसं न्यायचं हा, मला खोडता येत नाही. तुला उत्तर माहीत असेल तर घेऊन ये. नसेल तर तुझ्या पक्षाला विचारून ये, निवडून तुम्ही आलायत.

गुरुवारी चार वाजता. चप्पल दारातच काढ, काकूंनी फरशी पुसलेली असते. ते बोलायला लागले की मध्ये तोडायचं नाही. शब्द अडला तरी आपण पुरवायचा नाही, त्यांचं वाक्य त्यांनाच संपवू द्यायचं. संपलं की मग हवं तितकं भांड.

ताई